सांधा कोण बदलतो? फोन ५जी, ४जी, २जी आणि वाय-फायमध्ये ये-जा कशी करतो

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली की डब्यात चारी बाजूंनी एकच ऐकू येते, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" कल्याणला फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसत होते, त्याचे ४जी होते, बोगद्यात रेंजच जाते आणि लोणावळ्याला पुन्हा येते. मग दोष कोणावर तरी टाकला जातो. फोन जुना झाला, सिम खराब झाले, कंपनी पैसे घेते पण रेंज देत नाही. यातले काही कधीकधी खरे असतेही. पण बऱ्याचदा बोट चुकीच्या जागी ठेवले जाते, कारण मुळातला प्रश्न आपल्याला कोणी समजावूनच सांगितलेला नसतो. एक जाळे सोडून दुसरे धरायचे, हे ठरवतो कोण? फोन की कंपनी?

फोन खिशात नुसता पडून असेल तर तो स्वतः ठरवतो, पण कंपनीने घालून दिलेल्या नियमांनी. बोलणे किंवा नेट चालू असेल तर कंपनीचे जाळे ठरवते आणि फोन हुकूम पाळतो. वाय-फायच्या बाबतीत मात्र सगळा कारभार फोनच्या एकट्याच्या हाती असतो. या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की रोजची बरीच कोडी सुटतात.

## आधी थोडी ओळख

२जी, ३जी यांतला 'जी' म्हणजे पिढी. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तेव्हाच्या कलकत्त्यातून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल २जीवर झाला. एअरटेलने ४जी २०१२ मध्ये त्याच शहरात सुरू केले, आणि ५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी आले. प्रत्येक पिढीत फोन आणि टॉवर यांनी हवेतून कसे बोलायचे याचे नियम वेगळे असतात. या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. फक्त २जी जाणणाऱ्या फोनला ४जीचा टॉवर शेजारी असून नसल्यासारखाच. आजच्या फोनमधल्या मोडेम नावाच्या चिपला हे सगळे नियम येतात.

पुढच्या सगळ्या गोष्टी एका फरकावर उभ्या आहेत. २जीमध्ये कॉल लागला की तुमच्या आवाजासाठी एक वाट राखून ठेवली जाते आणि फोन ठेवेपर्यंत ती तुमचीच राहते. ४जीमध्ये अशी राखीव वाटच नाही. तिथे व्हिडिओ असो, संदेश असो की आवाज, सगळ्याचे लहान लहान तुकडे होऊन ते नेटवरून जातात.

आणखी एक शब्द लागेल, सेल. टॉवरवरचा अँटेना एका दिशेला, एका फ्रिक्वेन्सीवर जेवढा भाग व्यापतो तो एक सेल. टॉवर बहुधा तीन दिशांना तोंड करून असतो आणि प्रत्येक दिशेला दोन-चार फ्रिक्वेन्सी चालतात, म्हणजे एकाच टॉवरवर दहा-बारा सेल सहज होतात. फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. ५जीचा खरा वेग जिथे मिळतो त्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र काँक्रीटपुढे लवकर दमतात. म्हणून खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोन ५जीवर असतो आणि तोच माणूस आतल्या खोलीत गेला की ४जीवर येतो. त्यात काही बिघडलेले नसते.

## खिशातला फोन काय करत असतो

फोन शांत असला तरी झोपलेला नसतो. ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन तो ऐकतो, मला कोणी बोलावते आहे का? त्याच वेळी आपला सेल किती जोरात ऐकू येतो आणि शेजारचे किती, हेही तो मोजतो. प्रत्येक सेल आपले नियम सतत जाहीर करत असतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीला पहिली पसंती द्यायची, आपला सेल किती कमजोर झाल्यावर दुसरा शोधायचा, खालच्या पिढीवर कधी उतरायचे, हे सगळे त्यात येते. फोन ते वाचतो आणि त्याप्रमाणे सेल बदलतो.

या बदलाची खबर तो प्रत्येक वेळी कंपनीला देत नाही. दिली असती तर बॅटरी दुपारीच संपली असती. बऱ्याच सेलचा मिळून एक विभाग केलेला असतो आणि विभाग ओलांडला तरच फोन कळवतो. तुम्हाला कॉल आला की त्या विभागातल्या सेलमधून तुमच्या नावाने हाक जाते आणि ती ऐकून फोन उत्तर देतो.

शेजारी चांगला टॉवर असताना फोन जुन्यालाच का चिकटून राहतो, या तक्रारीचे उत्तर इथेच आहे. जुना सेल ठरवलेल्या पातळीच्या खाली जात नाही तोवर फोन दुसरा शोधायला फारसा निघतच नाही. त्याला तसेच सांगितलेले असते, आणि शोध घेण्याला बॅटरी लागते.

## बोलणे चालू असताना

कॉल लागला किंवा नेट वाहू लागले की सूत्रे जाळ्याकडे जातात. लोकलचा मोटरमन गाडी चालवतो, पण रूळ तो बदलत नाही. सांधा केबिनमधून बदलला जातो, कारण पुढचा रूळ मोकळा आहे का, दुसरी गाडी कुठे आहे, हे केबिनला दिसते, मोटरमनला नाही. कोणत्या सेलवर किती गर्दी आहे हेही फोनला कळत नाही, टॉवरला कळते. म्हणून फोनने फक्त मोजमाप पाठवायचे आणि निर्णय टॉवरने घ्यायचा, अशी वाटणी आहे. या सांधेबदलाला हँडओव्हर म्हणतात.

४जीत तो असा होतो. टॉवर फोनला सांगून ठेवतो, शेजारचा सेल माझ्यापेक्षा अमुक इतका सरस वाटला आणि तमुक वेळ तसाच राहिला तर मला कळव. हा फरक साधारण ३ डेसिबल ठेवतात, म्हणजे ताकदीत दुप्पट, आणि वेळ सेकंदाचा काही अंश. दोन्ही अटी मुद्दाम घातलेल्या असतात. त्या नसत्या तर दोन सेलच्या सीमेवर उभा असलेला फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहिला असता आणि प्रत्येक उडीला आवाज अडखळला असता.

फोनचा अहवाल आला की जुना सेल नव्या सेलशी बोलून तिथे जागा राखून घेतो. जागा मिळाली की फोनला हुकूम जातो, अमुक सेलवर जा. फोन जुना धागा सोडतो आणि नवा धरतो. मधल्या काळात तो कोणाशीच जोडलेला नसतो. हा काळ सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. तेवढ्यात आलेले आवाजाचे तुकडे जुना सेल नव्याकडे पाठवून देतो, त्यामुळे कानाला काही जाणवत नाही. धावत्या बसमध्ये अर्धा तास बोलताना हे कितीतरी वेळा घडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे ज्यांनी बसवले त्या अभियंत्यांच्या कामाचे मोल मला फार मोठे वाटते.

दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा सेल मोजायचा तर फोनला क्षणभर चालू सेलकडून कान काढून तिकडे लावावा लागतो. त्यासाठी टॉवर त्याला रजा देतो, ४जीत दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांमागे ६ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात ना बोलणे, ना डाउनलोड. म्हणून टॉवर ही रजा सरसकट देत नाही, गरज दिसली तरच देतो. पिढी बदलण्याचा निर्णय कधीकधी उशिरा होतो, त्याचे हे एक कारण.

## मग बोगद्याच्या तोंडाशी कॉल का तुटतो?

कारण हँडओव्हरचा हुकूम जुन्याच धाग्यावरून यावा लागतो. मोजमाप, अहवाल, जागा राखणे, हुकूम, एवढे सगळे होईपर्यंत जुना सेल ऐकू येत राहिला पाहिजे. सपाटीवर रेंज हळूहळू उतरते, त्यामुळे वेळ मिळतो. बोगद्याच्या तोंडाशी किंवा घाटातल्या वळणावर डोंगर आडवा आला की ती एका झटक्यात कोसळते. अहवाल पोहोचला तरी हुकूम पोहोचत नाही. फोन साधारण सेकंदभर वाट पाहतो, धागा तुटला असे ठरवतो आणि मिळेल तो सेल शोधून पुन्हा जुळवायचा प्रयत्न करतो. जुळले तर दोन-तीन शब्द गळतात. नाही जुळले तर कॉल गेला.

यावर उपाय आहे, पण तो फोनमध्ये नाही. भुयारी मार्गांत भिंतीच्या कडेने एक खास केबल टाकतात. तिच्या वेष्टणाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि त्यांतून लहरी पाझरत राहतात. तोंडाशी बाहेरचा सेल आणि आतला सेल काही अंतर एकमेकांवर चढलेले ठेवले की हँडओव्हरला पुरेसा वेळ मिळतो. कोकण रेल्वेचा कर्बुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. अशा लांबीत आत लहरीच नसतील तर कितीही महागडा फोन काही करू शकत नाही.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या निकषाप्रमाणे तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावे लागते. पण दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हा एक विभाग आहे आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हा दुसरा. गोंदियापासून गोव्यातल्या काणकोणपर्यंतचा एकच हिशेब मांडला की एखाद्या घाटात रोज तुटणारे कॉल त्यात विरून जातात. माझ्या मते प्रवाशांनी मागणी करायची ती याचीच, की एकत्रित आकडा नको, रस्त्यावरचे आणि लोहमार्गावरचे मोजमाप वेगळे दाखवा.

## फोन आला की नेट का बंद पडते?

४जीत आवाजासाठी राखीव वाट नाही, हे वर आले आहे. म्हणून सुरुवातीच्या काळात अशी तडजोड होती की नेट ४जीवर चालवायचे आणि कॉल आला की फोनला खाली ३जी किंवा २जीवर उतरवायचे. उतरायला काही सेकंद लागायचे आणि २जीवर बोलताना नेट थांबायचे. ही तडजोड काही ठिकाणी अजून चालू आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आवाजच नेटच्या तुकड्यांत घालून ४जीवरून पाठवणे. त्याला व्होल्टी म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले तेव्हा त्यांच्याकडे २जी आणि ३जी नव्हतेच, त्यामुळे त्यांना व्होल्टीवाचून गत्यंतर नव्हते. मग इतरांनाही ते आणावे लागले. एअरटेलने २०१९-२० च्या सुमारास ३जी बंद केले, म्हणजे तिथे ४जीखालची पायरी थेट २जी. अशा जाळ्यावर तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टी बंद राहिले असेल, तर प्रत्येक कॉलला फोन २जीवर उतरणार आणि नेट थांबणार. ही तक्रार करण्याआधी ते सेटिंग एकदा पाहाच.

व्होल्टीवर बोलत असताना ४जी संपले तर काय? चालू कॉल २जीच्या राखीव वाटेवर सरकवण्याची सोय तंत्रज्ञानात आहे, पण ती कंपनीने लावलेली असावी लागते आणि फोनलाही यावी लागते. ज्या जाळ्यात २जी नाहीच, तिथे खालची पायरीच नसते आणि कॉल सरळ तुटतो.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केले. तिथल्या जाळ्यावर व्होल्टी न चालणारा जुना फोन नेट दाखवेल, पण कॉल लागेलच असे नाही.

## '५जी' दिसते, पण वेग नाही. फसवणूक आहे का?

सरसकट नाही. ५जी दोन तऱ्हांनी बसवले जाते. एकात ५जी स्वतःच्या पायावर उभे असते, जिओने ही वाट धरली. दुसऱ्यात फोनचा मूळ धागा ४जीशीच राहतो आणि नेटची गरज वाढली की ५जीचा धागा त्याला जोडून दिला जातो. एअरटेलने सुरुवात अशी केली. या दुसऱ्या तऱ्हेत ४जीचा सेल जाहीर करतो की माझ्यासोबत ५जी आहे, आणि ते ऐकून बरेच फोन कोपऱ्यात ५जी लिहून टाकतात. त्या क्षणी ५जीचा धागा जोडलेला असेलच असे नाही. त्या चिन्हाचा अर्थ 'इथे ५जी मिळू शकते' एवढाच घ्यावा. हे चिन्ह अधिक काटेकोर असायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

कॉल करताच ५जीचे ४जी होते, हेही अनेकांना खटकते. ५जीवरून आवाज नेण्याची तयारी फोनमध्ये किंवा जाळ्यात नसेल, तर कॉलपुरते फोनला ४जीवर आणून व्होल्टीने बोलू दिले जाते. कॉल संपला की फोन परत वर जातो.

रेंजच्या कांड्या फक्त लहरी किती जोरात येतात ते सांगतात, त्या सेलवर किती माणसे वाटेकरी आहेत ते सांगत नाहीत. आषाढीला पंढरपुरात कांड्या पूर्ण असून संदेश जात नाही, तो गर्दीमुळे. शिवाय किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापले ठरवतो, त्यामुळे दोन फोनच्या कांड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

## वाय-फायमध्ये केबिनच नाही

घरातून बाहेर पडताना व्हॉट्सअ‍ॅप कॉल जिन्यात अडखळतो. तुमचा राउटर आणि मोबाइल कंपनीचे जाळे यांची एकमेकांशी ओळख नाही. इथे सांधा बदलणारे कोणी नाही. वाय-फाय कमजोर झाले हे फोनलाच ओळखायचे असते, आणि मोबाइल डेटाचे पैसे वाचावेत म्हणून तो शक्य तोवर वाय-फाय सोडत नाही. त्यामुळे फाटकापर्यंत पुसटसे वाय-फाय धरून ठेवलेले असते आणि काहीच हलत नाही.

त्याहून मोठी अडचण पत्त्याची. नेटवर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो. मोबाइलच्या जाळ्यात तुम्ही सेल बदलत राहिलात तरी कंपनी आत एका ठिकाणी तुमचा पत्ता धरून ठेवते, म्हणून चालू काम तुटत नाही. वाय-फायवरून मोबाइल डेटावर आलात की पत्ताच बदलतो. नेटवरच्या संवादाची जुनी पद्धत दोन्ही टोकांच्या पत्त्यांवर बांधलेली आहे. एक पत्ता बदलला की तो संवाद मोडतो आणि अ‍ॅपला पुन्हा पहिल्यापासून जोडणी करावी लागते.

यूपीआयने पैसे देताना नेमके असे झाले तर चक्र फिरत राहते. विनंती बँकेपर्यंत पोहोचलेली असू शकते, फक्त उत्तर तुमच्या फोनपर्यंत येत नाही. व्यवहार झाला की नाही हे बँकांच्या सर्व्हरवर ठरते, तुमच्या पडद्यावर नाही. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी व्यवहारांची यादी किंवा खात्यातली शिल्लक पाहा.

यातूनही वाटा निघाल्या आहेत. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आपल्या सिरी या आवाजी मदतनीसासाठी अशी पद्धत वापरात आणली, जिच्यात एकच संवाद वाय-फाय आणि मोबाइल डेटा या दोन्ही वाटांनी चालू शकतो. मे २०२१ मध्ये क्विक नावाचा प्रोटोकॉल अधिकृत मानक झाला. त्यात संवादाला पत्त्याऐवजी स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद तोच राहू शकतो.

कॉलसाठी वाय-फाय कॉलिंग आहे, एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केले. फोन वाय-फायमधून कंपनीच्या जाळ्यापर्यंत एक सुरक्षित बोगदा काढतो आणि पत्ता पुन्हा कंपनीच्या हाती येतो. म्हणून हा कॉल घराबाहेर पडताना व्होल्टीवर न तुटता सरकू शकतो. जाड भिंतींच्या घरात रेंज नसेल तर हे सेटिंग चालू करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

## विमान मोड, 'फक्त ४जी' आणि २जी बंद करणे

विमान मोड चालू करून बंद केला की नेट सुधारते, हा अनुभव खरा आहे. फोन जुन्या सेलचा हात सोडतो, नव्याने सगळीकडे ऐकतो आणि त्या क्षणी योग्य असलेला सेल धरतो. अर्थात दुसरा चांगला सेल तिथे असेल तरच.

५जीची सीमा घरातूनच जात असेल आणि फोन सारखा वर-खाली होऊन तापत असेल, तर घरापुरते सेटिंगमध्ये ४जी निवडून ठेवणे शहाणपणाचे. कायम तसे ठेवण्याची गरज नाही.

२जी बंद करण्याचा सल्ला हल्ली फिरतो, आणि त्यात तथ्य आहे. २जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासू शकत नाही. या उणिवेचा फायदा घेऊन खोटा टॉवर उभा करता येतो आणि त्यावरून बँकेच्या नावाने बनावट संदेश पाठवता येतात. अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये २जी बंद करण्याचे बटण आले आहे, आणि ते बंद असतानाही आणीबाणीच्या कॉलला २जी वापरले जाते. शहरात राहणाऱ्याने, ज्याचे व्होल्टी नीट चालते त्याने, ते बंद ठेवायला हरकत नाही. पण वाड्या-वस्त्यांवर अजून अशा जागा आहेत जिथे तुमच्या कंपनीचे फक्त २जीच पोहोचते, आणि २जी बंद असेल तर तिथे घरच्यांचा साधा कॉलही तुम्हाला लागणार नाही. अशा गावी निघण्याआधी २जी पुन्हा चालू करा.